नऊ चिठ्ठ्यांचा डबा

दूधविनायकाच्या गल्लीत शिरताना आजही माझे खांदे आपोआप आत ओढले जातात. गल्ली अरुंद आहेच, दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं टेकतात. पण खांदे आखडतात ते भिंतींमुळे नाही. वरच्या एखाद्या खिडकीतून कुणीतरी बघत असेल, ते घरी सांगेल, मग आईचा चेहरा उतरेल, असं अजून वाटतं. आईला जाऊन सात वर्षं झाली. मी चाळिशी ओलांडलेली, पुण्यात स्वतःचं घर असलेली बाई आहे. तरी त्या गल्लीत पाऊल पडलं की मी तेरा वर्षांची होते आणि ओढणी सारखी करते.

या खेपेला आले ती ताईला खोल्या रिकाम्या करायला मदत करावी म्हणून. आमचे घरमालक शास्त्रीबुवा गेले, त्यांच्या पुतण्यानं घर विकलं, आणि महिनाअखेर खोल्या सोडायच्या असं ठरलं. वरच्या मजल्यावर ताई एकटीच राहत होती. चार भांडी, दोन ट्रंका, भिंतीवरचा लाकडी क्रूस. आवरायला तसं काही नव्हतंच. फडताळातली वर्तमानपत्रं काढता काढता मागे हात गेला आणि गार पत्रा लागला. काय आहे ते मला न बघताच कळलं. बिस्किटांचा जुना चौकोनी डबा, झाकणावरचं गुलाबाचं चित्र खरवडून गेलेलं. मी तो बाहेर काढला आणि पुन्हा आत ठेवून दिला. ताई स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू जाईल अशा बेतानं मी उगाच खोकले.

आम्ही मूळचे नगरकडचे. पप्पा रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांची बदली बनारसला झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि करुणाताई पंधरा. क्वार्टर मिळायला वेळ होता, आणि आईला हिंदी येत नव्हतं, म्हणून पप्पा मराठी शेजार शोधत दूधविनायकापर्यंत पोचले. शास्त्रीबुवा ओट्यावर बसले होते. पप्पांनी मराठीत विचारलं, त्यांनी खूश होऊन खोल्या दाखवल्या, आणि मग आडनाव विचारलं. आडनावानंतर नाव विचारलं. नावानंतर थोडा वेळ काहीच विचारलं नाही.

"मराठी बोलता ना घरात?" शेवटी ते म्हणाले. "मग या. फक्त अंडं-मच्छी ह्या छपराखाली नको. आमची अक्का आहे खाली, तिला चालायचं नाही."

अक्का म्हणजे त्यांची विधवा बहीण. तळमजल्यावर तिचं देवघर, तिची चूल, तिचं सोवळं. पप्पांनी अट मान्य केली. पुढची कितीतरी वर्षं ते आमलेट खायला कॅंट स्टेशनला जायचे आणि घरी येण्याआधी विड्याचं पान खायचे, वासाला. पानाचा वास आईला आवडत नसे. पण ते पाप नव्हतं.

वरच्या खोल्यांना गजांच्या खिडक्या होत्या, गच्चीलाही चारी बाजूंनी आणि डोक्यावरून लोखंडी जाळी. माकडांसाठी. म्हणजे माकडं येऊ नयेत म्हणून. पण पहिल्याच दिवशी मी गच्चीत गेले तेव्हा जाळीच्या वर एक माकडीण पोराला पोटाशी धरून बसली होती आणि खाली आमच्याकडे मोठ्या उत्सुकतेनं बघत होती. पिंजऱ्यात कोण आहे याबद्दल तिच्या मनात काही शंका नव्हती. माझ्याही मनात ती फार दिवस राहिली नाही.

आई म्हणायची, "आपण इथे एकटेच आहोत. गल्ली आपल्याकडे बघते आहे. लोक आपल्यावरून प्रभूला जोखतात." ती हे ओरडून कधी म्हणाली नाही. हळू, प्रेमानं, वेणी घालता घालता म्हणायची, आणि वेणी इतकी घट्ट घालायची की कपाळाची कातडी ताणली जायची. गल्लीत मोठ्यानं हसायचं नाही, कारण गल्ली बघते आहे. प्रेतयात्रा आली की भिंतीला चिकटून मान खाली घालायची. आमच्या गल्लीतून मणिकर्णिकेकडे जाणारी बरीच जात. माझ्या दप्तराला कितीदा तिरडीचा बांबू घासून गेला असेल. वारा उलटला की घाटावरचा धूर थेट आमच्या दोरीवरच्या कपड्यांना लागायचा, आणि रविवारी देवळात मी माझ्या फ्रॉकचा गुपचूप वास घेऊन बघायची.

आमचं देऊळ म्हणजे छावणीतलं चर्च. दर रविवारी सकाळी चौघं गल्लीतून एकामागून एक चालत गोदौलियाला जायचो, तिथून दोन सायकलरिक्षा. तो रस्ता मला आठवड्यातून सगळ्यात प्रिय होता. कचोऱ्यांच्या कढया, गरम जिलेबीचा वास, थंडीत मलइयोचे पितळी थाळे, त्यावर धुक्यासारखा दुधाचा पिवळा फेस. आम्हाला काही घ्यायला परवानगी नसे, उपासनेआधी पोट रिकामं हवं. पण वासाला कोण अडवणार.

आणि महिन्याचा पहिला रविवार चिठ्ठ्यांचा.

ही पद्धत आईच्या माहेरची. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, आत्म्याची नऊ फळं सांगितली आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊ चिठ्ठ्या करायच्या, चौघडी घालून डब्यात टाकायच्या, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणाआधी प्रत्येकानं एक काढायची. जे फळ हातात येईल त्याची महिनाभर मशागत करायची. दर रविवारी जेवताना त्याचा हिशोब द्यायचा, या आठवड्यात कुठे पीक आलं आणि कुठे करपलं. एक जण चिठ्ठी काढत असताना बाकीच्यांनी डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणायची. आमेन म्हणेपर्यंत हात डब्याबाहेर यायला हवा. मी अर्थात एका डोळ्यानं बघायची.

पप्पांना एकदा आनंद आला. ते बिचारे महिनाभर मालधक्क्यावर हसतमुख बसले. तिसऱ्या आठवड्यात साहेबानं बोलावून विचारलं की बढतीची बातमी कुणी फोडली. दुसऱ्या एका महिन्यात सौम्यता आली आणि हमालांनी त्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. मला इंद्रियदमन आलं तर जिलेबी बंद, म्हणजे जी कधीच मिळत नव्हती ती बंद. आईला दर वेळी जे येई ते तिला आधीपासूनच येत असे. आणि ताईला काहीही येवो, तिचा महिना सारखाच जायचा. ती सगळ्यांना वाढायची, मग पातेल्यात वाकून बघायची काय उरलंय, आणि उरलेल्यातलं स्वतःला घ्यायची. काही उरलं नसेल तर म्हणायची, "मला आज भूकच नाहीये." मला कितीतरी वर्षं वाटायचं की माणसांच्या भुका जन्मतःच लहान-मोठ्या असतात.

नऊ फळांत खरेपणाची चिठ्ठी नव्हती. मी एकदा आईला विचारलंही. ती म्हणाली, विश्वासूपणात येतं ते. मला काही ते पटलं नाही, पण त्या वेळी मला त्याची गरजही नव्हती.

दर नव्या वर्षी चिठ्ठ्या नव्यानं लिहायच्या. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पप्पा कचेरीतून एका बाजूनं कोरे फॉर्म आणायचे, जाड, पिवळट. आई पट्टीनं ते कापून द्यायची आणि मी टाकाच्या निबानं एकेक फळ लिहायची. शाईचा वास, शेगडीवर भाजणाऱ्या रताळ्यांचा वास, खाली अक्काच्या देवघरातल्या कापराचा वास. गच्चीवर करंज्या निवायला ठेवल्या की माकडं जाळीवर रांगेनं बसत. नाताळात आमचा केक अंड्याशिवायचा असायचा, दही घालून केलेला, मधे बसलेला. शास्त्रीबुवा तो आवडीनं खायचे. अक्का ताटलीला हात न लावता म्हणायची, "ठेवून जा गं तिकडे. गाईला देते." आणि गाय खरोखर यायची, अर्धं अंग दारात घालून, तर गल्ली पूर्ण बंद.

बाहेर पडायला मार्ग नाही असे दिवस त्या काळात पुष्कळ आले. कधी कर्फ्यू लागायचा, तेव्हा आठ-आठ दिवस गल्लीला टाळं. कधी भाद्रपदात गंगा पायऱ्या चढून गल्लीच्या तोंडाशी यायची आणि चिखलाचा, कुजक्या फुलांचा वास उंबऱ्यापर्यंत. दोन्ही वेळा आई म्हणायची, घरात बसून प्रार्थना करू. मी गजांना गाल लावून उभी राहायची. लोखंडाची चव मला अजून आठवते. ताई माझ्या मागे येऊन माझं मनगट धरायची आणि पप्पांच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजायची. तिला तो नाद होता. घरातल्या सगळ्यांच्या नाड्या तिला पाठ होत्या. "तुझी पळते नुसती," ती म्हणायची. "कुठे जायचंय तुला एवढं?"

कुठे जायचं होतं ते खरं तर तिला.

मी बारा वर्षांची असताना अक्का कार्तिकस्नानाला ब्रह्मा घाटावर गेली आणि शेवाळावरून घसरली. खुबा मोडला. चार माणसांनी उचलून आणली ती पुन्हा खाटेवरून उठली नाही. पुतण्या दिल्लीत नोकरीला, शास्त्रीबुवा साठीचे, दिवसभर कुठे ना कुठे पाठाला गेलेले. खालून अक्काच्या कण्हण्याचा आवाज यायला लागला आणि ताई जिना उतरली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या महिन्यात तिची चिठ्ठी ममता होती, एवढंच.

आधी ती उंबऱ्याबाहेर बसायची. औषधाची बाटली सरकवायची, पंख्यानं वारा घालायची, अक्काच्या हाका ऐकून बुवांना निरोप द्यायची. पाण्याला शिवायचं नव्हतं. मग चैत्रातल्या एका दुपारी, वीज गेलेली, बुवा बाहेर, अक्काचे ओठ सुकलेले. मी जिन्यात बसून सगळं ऐकत होते.

"करुणा, पाणी," अक्का म्हणाली.

"अक्का, मी घागरीला शिवले तर चालेल?"

 गल्लीतून एक सांड गेला, त्याच्या घंटेचा आवाज गेला.

"आता चालत नाही म्हणून कुणाला सांगू? बुढापा आलाय नुसता," अक्का म्हणाली. "दे आण. गार दे."

हे मी वर जाऊन सांगितलं तेव्हा आई रडली. पुढच्या रविवारी तिनं ते पाद्रीसाहेबांना सांगितलं, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पाद्रीसाहेबांनी ते उपदेशात सांगितलं. "हमारी बहन करुणा," ते म्हणाले आणि सगळं चर्च वळून ताईकडे बघायला लागलं. ताई आपल्या चपलांकडे बघत होती. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला. पण तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि तो लाल रंग लाजेचा नव्हता हे मला कळत होतं. गल्ली तर बघतच होती. आता चर्चही बघायला लागलं.

पाण्यामागून बाकीचं सगळं आलं. अंग पुसणं, शौचाचं भांडं देणं, कुशी बदलणं, लुगडी धुणं. त्यात खोटं काही नव्हतं हेही सांगायला हवं. अक्काचा तिच्यावर जीव जडला. ती ताईला जुन्या काशीच्या गोष्टी सांगायची, तिच्या हातानं भात खायची, आणि एकदा नाताळात तिनं आमचा केक गाईच्या आधी स्वतः चाखला. "मीठा बरा आहे," म्हणाली. ताई त्या दिवशी गच्चीत एकटीच हसत होती. प्रेमानं बांधलेली गाठ सुटत नाही हे मी तिथे पाहिलं, आणि ती गाठ करकचते हेही.

मग नगरहून मावशीचं पत्र आलं. तिथे नर्सिंगच्या शिक्षणाला ताईचा नंबर लागला होता. जुलैत हजर व्हायचं. ताई एकोणीस वर्षांची होती. तिनं ते पत्र गच्चीत जाळीखाली उभं राहून वाचलं, घडी घातली, उशीखाली ठेवलं, आणि त्या आठवड्यात दोनदा तिच्या हातून भाजी करपली. ती चालायची वेगळी. पाठ ताठ करून, डोक्यावर पांढरी टोपी असल्यासारखी.

पप्पा म्हणाले, जाऊ दे तिला. आई म्हणाली, "मी कुठे अडवते आहे? पण अक्कांना असं टाकून गेली तर गल्ली काय म्हणेल? आजवरची साक्ष मातीत जाईल." मग ती थांबली, तिलाही आपलं बोलणं ऐकून कसंसं झालं असावं. "आपण ठरवायचंच नाही. देवाला विचारू. रविवारी एकट्या करुणानं चिठ्ठी काढावी. आनंद आला तर जावं. सहनशीलता आली तर थांबावं."

"आणि बाकीची सात?" पप्पांनी विचारलं.

"तर आणखी महिनाभर प्रार्थना."

ताईनं मान हलवली. तिला हे मान्य होतं. हे तिला अन्यायाचं वाटलंच नाही. आमच्या घरात देवाला असंच विचारायचे.

शनिवारी दुपारी आई बायकांच्या प्रार्थनासभेला गेली होती आणि ताई खाली अक्काचे केस विंचरत होती. मी फॉर्मांच्या गठ्ठ्यातून दोन कागद काढले. पट्टीनं कापले. निब शाईत बुडवला आणि लिहिलं, सहनशीलता. पुन्हा लिहिलं. नऊ वेळा लिहिलं. आधीच्या चिठ्ठ्याही माझ्याच अक्षरातल्या, त्यामुळे काही वेगळं दिसायचा प्रश्नच नव्हता. जुन्या नऊ मी कंपासपेटीत घातल्या, कर्कटकाखाली.

का केलं हे मी इतकी वर्षं स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं आहे. ताईवर माझा जीव होता, तिच्याशिवाय त्या गजांमागे मी वेडी झाले असते, हे खरं आहे. पण दुसरंही खरं आहे. ती गेली असती तर अक्काचं भांडं माझ्या वाट्याला आलं असतं, आणि पाद्रीसाहेबांनी "हमारी छोटी बहन" म्हणून माझं नाव घेतलं असतं. चांगुलपणाच्या त्या पिंजऱ्यात एक जण लागणारच होती. मी माझ्याऐवजी तिला ठेवलं.

रविवारी आम्ही गोलात बसलो. वरण उतरवून ठेवलेलं, हिंगाचा वास. डबा मधे. ताईनं ओढणीचा पदर डब्यावर घेतला, डोळे मिटले आणि हात आत घातला. आम्ही प्रार्थना सुरू केली. एरवी एका डोळ्यानं बघणारी मी, त्या दिवशी मात्र दोन्ही डोळे इतके गच्च मिटून बसले की आत लाल-पिवळे गोळे फिरायला लागले. प्रार्थनेत तिघांचेच आवाज होते.  तिचा हात डब्यात फार वेळ होता, कागदांची सळसळ येत होती. मला वाटलं ती आपली वेगळी प्रार्थना करते आहे. आमेन झालं.

"सहनशीलता," ताई म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. तिनं चिठ्ठी आईला दिली आणि वाढायला घेतलं.

सोमवारी मी जुन्या चिठ्ठ्या परत डब्यात ठेवल्या आणि नव्या आठ, आणि आईनं परत डब्यात टाकलेली नववी, मणिकर्णिकेच्या बाजूला जाऊन पाण्यात सोडल्या. त्या बुडाल्या नाहीत. झेंडूच्या पाकळ्यांबरोबर काठाशीच रेंगाळत राहिल्या.

अक्का त्यानंतर अकरा वर्षं जगली. मग शास्त्रीबुवांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, मग पप्पांचं हृदय, मग आईचे सांधे. प्रत्येकाच्या उशाशी ताई होती. मी अठराव्या वर्षी पुण्याला शिकायला गेले. ताईनंच पप्पांशी भांडून मला पाठवलं, आयुष्यात एकदाच ती भांडली असेल. स्टेशनवर गाडी सुटताना तिनं खिडकीच्या गजांतून माझं मनगट धरलं. "आता शांत चालली आहे," ती म्हणाली. माझ्या वेळी कुणी डबा काढला नाही. ते मला तेव्हाही कळलं होतं.

इतक्या वर्षांत दर खेपेला सांगायचं ठरवून आले आणि दर खेपेला पेढे देऊन परत गेले. या खेपेलाही तसंच झालं असतं. पण शनिवारी दुपारी मी म्हटलं, "ताई, आता पुण्याला चल. माझ्याकडे राहा. तिथे एक वृद्धाश्रम आहे, त्यांना तुझ्यासारखं माणूस पगारावर हवंच आहे. नाहीतर नकोच करूस काही, नुसती राहा."

ताई कणीक मळत होती. केस पुढून पांढरे झालेत तिचे. "ब्रह्मा घाटावर एका मराठी घरात बाई आहेत," ती म्हणाली. "अर्धांगवायू. मला खोली देतो म्हणतात, त्यांचं करायला. मी अजून हो म्हटलेलं नाही. उद्या काढू चिठ्ठी."

"कसली चिठ्ठी?"

"आपली. डबा तिथेच आहे फडताळात."

कणकेवर तिच्या मुठींचे खळगे पडत होते आणि भरत होते. वरच्या जाळीवर माकडं धावली, सगळं लोखंड थडथडलं. मला वाटलं, आता नाही बोलले तर ही उद्या पुन्हा त्या डब्यात हात घालेल, आणि जे येईल त्याला देवाचा हात समजून त्या दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या गजांमागे जाईल. 

"ताई, नको काढूस," मी म्हटलं.

"का गं? घाबरू नको. मी आता फसवत नाही." ती हसली, मग हात कणकेत तसेच ठेवून थांबली. "तुला एक सांगू? आईलाही सांगितलं नाही मी. त्या वेळी नगरचं पत्र आलं होतं ना, तेव्हा मी फसवलं होतं. मला आनंद हवा होता. पहिली चिठ्ठी पदराखाली उघडून बघितली, सहनशीलता. परत टाकली, ढवळलं, दुसरी काढली. तीच. पुन्हा टाकली. तिसऱ्यांदाही तीच आली, आणि तुमचं आमेन झालं." तिनं मनगटानं कपाळ पुसलं, कपाळाला पीठ लागलं. "नऊतून तीनदा एकच. मग मी देवाला त्रास दिला नाही. त्यानंतर स्वतःसाठी काही मागितलंच नाही बघ. लाज वाटायची."

खोलीत मला बसायला काही नव्हतं, सगळं बांधून झालं होतं. मी ट्रंकेवर बसले आणि सांगितलं. शनिवार, फॉर्म, पट्टी, निब. मी काही लपवलं नाही, भांड्याचं सुद्धा सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही, खिडकीच्या गजांकडे बघत होते.

"नऊच्या नऊ?" ताईनं विचारलं.

"नऊच्या नऊ."

"मग आनंद कुठे होता तेव्हा?"

"माझ्या कंपासपेटीत."

 खाली गल्लीतून एक प्रेतयात्रा गेली, नेहमीचा तो घोष जवळ आला आणि लांब गेला. मी रडत होते, आणि तिनं येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून वाट बघत होते. आयुष्यभर तिनं तेच केलेलं. ती आली नाही.

"म्हणजे देव नाही म्हणालाच नव्हता," ताई म्हणाली.

हे ती मला उद्देशून म्हणाली नाही. मग तिनं कणकेवर ताट झाकलं आणि हात धुतले. चुलीजवळ सकाळचा भात आणि वरण होतं. तिनं एक ताट घेतलं. एकच. भात वाढला, त्यावर वरण, वर तूप, आणि पाट ओढून गजांच्या खिडकीसमोर माझ्याकडे पाठ करून बसली. मला बस म्हणाली नाही, जेव म्हणाली नाही. सावकाश, घास चावून चावून ती जेवायला लागली. ताट संपल्यावर उठून तिनं पुन्हा भात घेतला. पातेल्यात किती उरलाय हे तिनं वाकून पाहिलं नाही.